हातातलं लाल कार्नेशन

हॉलंडमधल्या आमच्या हार्लेमच्या मासळीबाजारात मी वाम घेत होते, घासाघीस रंगात आली होती, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "हलू नका!"

वळून पाहते तर एक उंच, रंगानं माखलेला माणूस. हातात कागद. "अहो, हलू नका म्हटलं ना! मानेवर काय सुंदर उजेड पडलाय..."

"आणि हातात वाम वळवळतेय, तिचं काय?"

"तिलाही सांगा."

असा हा चित्रकार लीवेन. महिन्याभरानं बाबांनी माझं चित्र काढायला नेमकं यालाच बोलावलं. ते चित्र लायडेनच्या एका कापडव्यापाऱ्याकडे जायचं होतं. पसंत पडलं की लग्न ठरलं. मला तो व्यापारी नको होता. मला हा हवा होता. आणि या ठोंब्याला तोंड म्हणून नव्हतं! जे काही बोलायचं ते चित्रात.

चित्रात पायाशी कुत्रं आलं.

"हे कशाला?"

"निष्ठा."

"कुणाची?"

"कुत्र्याची..."

मेजावर अर्धं सोललेलं लिंबू आलं. "दिसायला देखणं, चवीला आंबट," तो पुटपुटला.

"म्हणजे मी?"

"हनुवटी जरा वर घ्या..."

देवा रे! सहा आठवड्यांत माझी मान अवघडली, पण याची जीभ काही सुटली नाही.

शेवटच्या दिवशी त्यानं चित्रातल्या माझ्या हातात लाल कार्नेशनचं फूल रंगवलं. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, हातात कार्नेशन म्हणजे मुलीचं लग्न ठरलंय. मी उठून चित्रापाशी गेले. "हे... काय?"

"तिथे लाल हवं होतं," म्हणाला, आणि ब्रश धुवायला पळाला. मला रागानं रडू आलं.

बाबांनी चष्म्याशिवाय चित्र पाहिलं, 'नाक छान आलंय' म्हणाले आणि बांधून धाडलं. मी गप्प बसले.

आठवड्यात चित्र परत. सोबत चिठ्ठी — 'ठरलेली मुलगी दाखवून आमची थट्टा करता?'

बाबा चित्र काखोटीला मारून, मला ओढत लीवेनच्या दारात. "कुणाशी ठरलंय हिचं? बोल!"

बोलतोय कसला! लालबुंद होऊन त्यानं चित्रातल्या कथलाच्या सुरईकडे बोट दाखवलं. बाबांनी चष्मा लावला. चकचकीत सुरईतल्या प्रतिबिंबात नखाएवढा एक माणूस उभा होता. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात कार्नेशन.

मी भडकलेच. "सुरईत लपून मागणी घालतात का रे? तोंड दिलंय ना देवानं?"

"दिलंय... माख्टेल्ड, मला तू हवी आहेस. त्या वामेच्या दिवसापासून. माझ्याशी लग्न करशील?"

एवढंच तर ऐकायचं होतं! डोळे भरून आले. पण इतक्या सहज हो म्हणते की काय? मी दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली.

"हलू नका."

तो खरंच हलला नाही. श्वास रोखून उभा. शेवटी बाबाच वैतागले. "लायडेन तर हातचं गेलंच. हो म्हणून टाक गं, घरी सूप निवतंय."

"हो," मी म्हणाले. "पण आधी खरं कार्नेशन आण. रंगवलेलं पुरे झालं."

तेव्हा कुठे तो हलला — आणि रंगाची भांडी लाथाडत बाजाराकडे पळत सुटला.