दवाखान्यापासून दारापर्यंत

दवाखान्याला टाळं लागून वर्ष झालं होतं, तरी तो रक्ताळलेला हात धरून फाटकाशी उभा होता.

"मास्तर, इथे आता कुणी नसतं," बाजारातून घरी जाता जाता मी म्हणाले.

"माहितीये हो... काच लागली आणि पाय आपसूक इकडेच वळले."

आमच्याकडे सगळ्यांचं हेच. लोकांनी स्वतः विटा वाहून उभा केलेला दवाखाना. डॉक्टर मिळेनात म्हणून बंद पडला, पण ते पायांना कोण सांगणार? मी तिथली शेवटची नर्स. शेजारच्या औषधाच्या दुकानातून कापूस आणला, त्याला पायरीवर बसवलं आणि पट्टी बांधली.

तो शाळेत इतिहास शिकवायचा आणि सध्या या दवाखान्याचा इतिहास लिहीत होता. मग रोज संध्याकाळी पायरीवर पट्टी बदलायला येऊ लागला. पहिलं बाळ कुणाचं, चादरी कोण शिवायचं... विचारायचा, आणि उत्तर लिहून घ्यायचं सोडून माझ्याकडेच बघत बसायचा.

"जखम केव्हाच भरलीय," एकदा मी म्हणाले.

"आतून दुखतं ना अजून..."

"आतलं मला नाही कळत. मी आपली पट्टीवाली."

तो हसला, पण कान लाल झाले. मला तो आवडायला लागला होता, आणि त्याचीच भीती वाटत होती. मोठ्या शहरातल्या इस्पितळात मला नोकरी लागली होती. लवकरच निघायचं होतं. त्याला ते ठाऊक होतं, म्हणून ओठांवर आलेलं तो गिळून टाकायचा.

मग एका सकाळी इमारत पाडायला यंत्र आलं. बाळंतिणींच्या खोलीची भिंत कोसळली तेव्हा विटा वाहिलेली माणसं बघत उभी होती. मी रडले नाही. वळले आणि घराची वाट धरली.

तो मागून आला आणि चालू लागला. माझ्या अर्धं पाऊल मागे... एक अवाक्षर न बोलता.

ती चाल मी ओळखली. आमच्या दवाखान्यात कुणी दगावलं की घरच्यांना एकटं जाऊ देत नसत. ड्युटीवरची नर्स अशीच, न बोलता, त्यांच्यासोबत दारापर्यंत जायची आणि उंबरठ्यावरून मागे फिरायची. कितीजणांना मी पोचवलं होतं! मलाही कधी कुणी पोचवेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. मग मात्र मी रस्ताभर रडले.

दार आलं. तो रीतीप्रमाणे मागे वळला.

"थांबा," मी म्हणाले. "आत या."

"पण रीत—"

"रीत नर्सची आहे. आई घरात आहे, तिच्यासमोर विचारा."

"काय... विचारू?"

"इतके दिवस विचारत नाही आहात ते."

त्याने चपला काढल्या, पुन्हा घातल्या. "विचारलं तर तुम्ही जायच्या राहाल. ते मला नकोय."

"मी जाणारच आहे, मास्तर," डोळे पुसत मी म्हणाले. "एकटी जायचं की नाही, तेवढंच ठरायचंय."