टोपी घातलेलं अक्षर

मिरजेच्या जनुक-प्रयोगशाळेत ऊर्मिला सबनीसनं तिसऱ्यांदा आकडा पाहिला. ब्याण्णव. तीन महिने औषध घेऊनही दादाचं जनुक बंद ते बंदच. तिच्या या सख्ख्या भावाचे हातांचे नि छातीचे स्नायू झडत चालले होते, आणि त्याचं औषध आज पाच वाजता थांबणार होतं. आकडा उतरला नाही की उपचार बंद, असा नियम होता. मेला नियम!

आकड्यामागचं रसायन तसं साधं. जनुकातल्या 'सी' अक्षरांवर मिथाइलची टोपी चढली की जनुक झोपतं; औषधाचं काम ती उतरवायचं. बायसल्फाइटच्या द्रावणात बोडक्या 'सी'चा 'टी' होतो, टोपीवाला 'सी' तसाच राहतो. उरलेले 'सी' मोजायचे, की झालं. दादाच्या शंभर 'सी'मागे ब्याण्णव टोप्या होत्या.

पण काल दादानं कित्येक महिन्यांनी स्वतःच्या हातानं कप उचलला होता. तिनं हे प्रमुख डॉ. यास्मिन मुल्लांना सांगितलं. बहिणीच्या डोळ्यांवर अहवाल लिहिता येत नाही, असं म्हणून मॅडमनी विषय संपवला. मग स्वतःच घुटमळल्या. शरीर टोपी एकदम काढत नाही, म्हणाल्या. आधी तिला ऑक्सिजन जोडून उसवतं.

"उसवलेली टोपी बायसल्फाइटला ओळखू येते?" ऊर्मिलानं विचारलं.

"नाही. त्याला दोन्ही सारख्याच."

ऊर्मिलानं दादाच्या नमुन्याची नळी उचलली. "म्हणजे जनुकानं आपल्यालाच टोपी घातली, मॅडम."

तिनं नमुना आधी ऑक्सिडीकारकात ठेवला. त्यानं उसवलेल्या टोप्यांचा आडोसा जातो, धड टोप्या शाबूत राहतात. मग बायसल्फाइट. पावणेपाचला आकडा आला: एकतीस. उपचाराआधीच्या जुन्या नमुन्यात याच रीतीनं ब्याण्णवच आला. औषध लागू पडत होतं! ऊर्मिला हसता हसता रडली. मॅडमनी फोन करून उपचार चालू ठेवायला सांगितलं आणि जुन्या अहवालांची फाइल पुढे ओढली.

"या नियमानं आपण आजवर किती जणांचं औषध थांबवलं गं?"

"नऊ," ऊर्मिला म्हणाली. नऊही जण वारले होते. त्यांचे औषध चालू असतानाचे नमुने शीतकपाटात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नवांपैकी पहिला आकडा आला. अठ्ठावीस. सुमन खाडिलकरबाईंचं जनुक दादापेक्षाही जास्त जागं झालं होतं. बाईंना जाऊन सात महिने झाले होते. 'औषध थांबवावे' या ओळीखाली सही ऊर्मिलाची होती.