बी वरचे आकडे

दुरुस्तीवाल्या काकांनी पेटी उलटी करून पाहिली, कानाशी धरून हलवली आणि वाईट बातमी सांगणाऱ्या डॉक्टरसारखा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आतला सेल संपत आलाय," ते म्हणाले. "बदलून देतो. पण सेल काढला की आतलं सगळं पुसलं जाणार. सगळे आकडे कागदावर उतरवून घ्या आणि उद्या या."

"आणि नाही बदलला तर?"

"तर एक दिवस चालू कराल आणि आत काहीच नसेल. मग लिहून घ्यायलाही काही उरायचं नाही."

म्हणून थोरला भर दुपारी पेटी काखेत मारून घरी आला.

पेटी म्हणजे गिटारचा प्रोसेसर. तो जमिनीवर पायाशी ठेवायचा. एका बाजूने गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे निघते, आणि मधल्या मधे आवाजाला घुमारा मिळतो, प्रतिध्वनी मिळतो, धार येते. या पेटीत प्रत्येक गोष्टीची दोन सेटिंग ठेवता येत, ए आणि बी. मधल्या बटणावर पाय दिला की एकावरून दुसऱ्यावर जाता येई. ए वर हिरवा दिवा, बी वर लाल. दोघा भावांत पेटी एकच, त्यामुळे वाटणीही सरळ होती. ए थोरल्याचा, बी धाकट्याचा. एकाने दुसऱ्याचा टूथब्रश वापरला असता तरी चाललं असतं, पण दुसऱ्याच्या सेटिंगला हात लावायचा नाही, हा त्यांच्यातला कायदा होता.

धाकट्याला घरात सगळे बारक्या म्हणत. सहा फूट उंच झाला तरी बारक्याच राहिला. त्याला जाऊन आठ महिने झाले होते.

कायदा मोडला होता थोरल्याने. बारक्या गेला त्या दिवशी दुपारच्या तालमीत त्याने घाईघाईने आपले आकडे जुळवले आणि सेव्ह दाबलं. दिवा लाल आहे हे बघायचंच राहिलं. बारक्याने दीड वर्ष खपून जमवलेला बी एका बोटासरशी गेला, त्याच्या जागी थोरल्याचा ए येऊन बसला. बारक्या भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आठवून आठवून बसवतो." दोन तास तो एकटाच तालमीच्या हॉलमध्ये बसला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, जमलं जवळजवळ. एक-दोन आकडे खटकतायत अजून, उद्या बघतो." मग तो स्कूटरवर निघाला आणि वळणावर समोरून ट्रक आला.

तो उशिरापर्यंत का थांबला होता, हे आईने कधी विचारलं नाही आणि थोरल्याने कधी सांगितलं नाही. आई त्यानंतर या खोलीत आली नव्हती. बारक्याचं नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. जेवायला हाक मारायची तीसुद्धा नाव न घेता, "वाढलंय" एवढीच.

थोरल्याने वायरी जोडल्या, गिटार मांडीवर घेतली आणि वही उघडून पलंगाच्या कडेला बसला. ए चे आकडे त्याला तोंडपाठ होते. प्रतिध्वनी ३००, घुमारा २०, धार ४. ते लिहून झाले. मग त्याने पाय उचलला आणि तसाच थोडा वेळ हवेत धरला. आठ महिन्यांत तो एकदाही बी वर गेला नव्हता.

टक्.

लाल दिवा लागला. प्रतिध्वनी ४२०, घुमारा ३५, धार ६. त्याने आकडे लिहिले. स्पीकरमधून नेहमीची बारीक खरखर येत होती. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. काही तपासायचं म्हणून तो ए वर गेला आणि परत बी वर आला.

प्रतिध्वनी ४२८.

वाचायला चुकलो, असं म्हणून त्याने वहीतला आकडा खोडला. पुन्हा ए, पुन्हा बी. आता ४३५, आणि घुमारा ३८. सेल संपत आलाय, आकडे भरकटणारच, असं त्याने स्वतःला समजावलं. पटलंही. पुढच्या खेपेला ४४० झाले, तेही त्याने मान हलवून लिहून घेतले. मग मात्र आकडा मागे आला. ४३६. नंतर ४३३. आणि तिथेच थांबला.

भरकटलेला आकडा असा मागे येऊन थांबत नाही. जरा पुढे गेलं, ऐकलं, जास्त झालं, जरा मागे घेतलं, हे काम कान असलेल्या माणसाचं असतं. तो ए वर असताना कुणीतरी बी वर बसून काम करत होतं, आणि तो बी वर आला की हात बाजूला घेत होतं.

खोलीत खोकल्याच्या गोळीचा वास आला. आकडे जुळवताना बारक्या गालात तसली गोळी धरून बसायचा.

"बारक्या?" त्याने अगदी हळू विचारलं.

नुसती खरखर. तो ए वर परतला. या पेटीची एक खोड होती. बी वर वाजवलेल्या स्वराची शेपटी ए वर आल्यावरही क्षणभर मागून ऐकू येई. पण बी वर त्याने एक तारही छेडली नव्हती. तरी शेपटी आली. एकच लांब स्वर, किंचित खालून वर चढत जागेवर येणारा. तसा स्वर लावायची सवय या घरात एकाच माणसाला होती.

थोरल्याच्या अंगावर काटा आला, हे खरं. पण त्याच्याही आधी त्याला रडू आलं, आणि ते त्याने थांबवलं नाही. आठ महिने त्याला वाटत होतं की आपण पोराचं काम अर्धवट सोडायला लावलं. ते काम इथे, समोर, पुरं होत होतं. त्याला एवढंच कळलं की आपण ए वरून हलायचं नाही, त्याला वेळ द्यायचा. मग तो ए वरच वाजवत बसला, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, येतील ती गाणी. वाजवता वाजवता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोलून गेला.

"दिवा बघायचा राहिला रे माझा... तू थांबलास तो माझ्यामुळे. मी घरी येऊन जेवत होतो आणि तू तिकडे..." नाक पुसून तो म्हणाला, "तुझ्यावर मी माझं चढवलं. आता तू माझ्या ए वर तुझं चढव. चालेल मला. फिटू दे एकदा."

बोलला आणि छातीवरचं ओझं उतरलं. किती हलकं वाटलं, याचंच त्याला नवल वाटलं.

खरखर थांबली. गाडी धुणाऱ्याचं पाणीही बंद झालं होतं.

त्याने बटण दाबलं. लाल दिव्याखाली आकडे होते, प्रतिध्वनी ३००, घुमारा २०, धार ४. त्याचे स्वतःचे. त्याने घाईने पुन्हा बटण दाबलं. हिरव्या दिव्याखाली ४३३, ३८, आणि धार ७. ती धार त्या संध्याकाळी खटकली असणार. आता अचूक बसली होती.

तो हिरव्या दिव्याकडे बघत राहिला. आपण बोललो ते कुणीतरी शब्दशः ऐकलं, एवढं त्याला कळलं. मग आपले आकडे तिकडे आणि आपण इकडे, हे कसं काय, याचा विचार त्याच्या मनात येत होता, इतक्यात दार वाजलं.

"बारक्या..."

आईचा आवाज होता. तिने दार ढकललं आणि आत आली. हात ओले होते, ते पदराला पुसत होती.

"किती दिवसांनी वाजवलंस रे," ती म्हणाली.

"आई, अगं... मी आहे."

"दिसतंय की. डोळे फुटले नाहीत माझे." ती हसली. "दादा कुठे गेला?"

पायापासून वीतभर अंतरावर बटण होतं. एकदा दाबलं की कदाचित तो पुन्हा दादा झाला असता, सगळं जागच्या जागी आलं असतं. पाय उचलला गेलासुद्धा. पण आई पलंगावर टेकली होती. उशी झटकून तिने मांडीवर घेतली होती आणि आठ महिन्यांत न बघितलेल्या चेहऱ्याने ती त्याच्याकडे बघत होती. तो चेहरा तिचा कुणी हिरावून घेतला होता, हे या खोलीत एकालाच माहीत होतं. आता तो परत हिरावून घ्यायचा, तोही त्यानेच?

त्याने पाय मागे घेतला, पलंगाखाली दुमडून ठेवला.

"येईल," तो म्हणाला.

"मग वाजव ना. थांबलास का?"

त्याने पहिली तार छेडली. तेवढ्यात पेटीवरचं मधलं बटण, कुणाचाही पाय नसताना, खाली गेलं. टक्. दिवा बदलला नाही, हिरवाच राहिला. बटण वर आलं, पुन्हा खाली गेलं. टक्. टक्. मग भराभर, आतून कडी लागलेल्या दारावर बाहेरून कुणी मुठी मारत राहावं तसं.

आईने कान देऊन ऐकलं.

"दादा आला वाटतं," ती म्हणाली, आणि जागची उठली नाही. "तू वाजव."