केरात गेलेला कान

संग्रहालयातून फोन आला तेव्हा बाई सकाळचा चहा गाळत होत्या. संगमरवरी स्त्रीमूर्तीचा डावा कान तुटला होता, आणि संचालक म्हाताऱ्या पहारेकऱ्याला पोलिसांच्या ताब्यात देणार होता.

बाईंनी चाळीस वर्षं प्राचीन शिल्पं उकरली, जोडली, शिकवली. संचालक त्यांचाच विद्यार्थी. कानाच्या घडणीवरून मूर्तिकार ओळखायला त्याला त्यांनीच शिकवलं. याच कानावरून त्यानं मूर्तिकार शोधून काढला आणि मोठा झाला. पुढच्या आठवड्यात त्या कानाच्या दगडाची तपासणी व्हायची होती.

दालनात पहारेकरी स्टुलावर बसला होता.

"बाई, शप्पथ घेऊन सांगतो, मी दार उघडलं तेव्हा साहेब आधीच आत होते."

"खोटं!" संचालक म्हणाला. "याचं फडकं अडकलं. कान पडून पार चुरा झाला. माझ्या डोळ्यांदेखत!"

"चुरा कुठाय?"

"केरात गेला. कचऱ्याची गाडी येऊन गेली."

"झाडला कोणी?"

"साहेबांनी," पहारेकरी पुटपुटला. "पाण्याचा पेलासुद्धा मला उचलायला लावतात, अन् आज चक्क झाडू!"

बाईंनी भिंग काढलं. तुटलेली जागा पिवळट, मळकी होती. मधोमध गोल भोक, त्यात गंजका खिळा.

"ऐक," वर्गात बोलायच्या तशाच सावकाश त्या बोलल्या. "ताजा तुटलेला संगमरवर साखरेसारखा चमकतो. हा कान शेकडो वर्षांपूर्वीच गेलाय. नवा कोणीतरी खिळ्यावर बसवला. आणि एवढ्याशा उंचीवरून पडून दगडाचे तुकडे होतात. चुरा होतो तो प्लास्टरचा. उत्खननात मी तुम्हा पोरांना मातीसुद्धा चाळल्याशिवाय फेकू दिली नाही. तू कान केरात घातलास, कारण तपासणीत पितळ उघडं पडलं असतं. बनवला कोणी?"

संचालकाची मान खाली गेली. "मीच. तेव्हा नोकरी नव्हती, बाई. एखादा शोध हवा होता."

"आणि आज हा माणूस तुरुंगात हवा होता?" बाई रुमालानं बोटं पुसत होत्या, पुसतच राहिल्या. "शी! तुला शिकवलं याचीच किळस येते. पोलिसांना मी सांगते काय ते. तू आधी या पहारेकरी मामांची माफी माग."

संचालक वळला, घसा खाकरला.

"राहू द्या, साहेब," पहारेकरी उठत म्हणाला. "तीही चिकटवलेलीच असायची."