खड्यांसकट तांदूळ

मृण्मयी सकाळपासून तांदूळ निवडत होती. दुपारी रेवाचं उष्टावण होतं आणि लेकीच्या तोंडात पहिला घास अस्सल, गावठी तांदळाचाच जावा, अशी तिची जिद्द होती. खडा सापडला की ती त्याचा फोटो काढायची. हल्ली त्यांच्या सोसायटीत भातात खडा निघणं हे खानदानीपणाचं लक्षण झालं होतं.

“आई, बघा केवढा निघाला.”

वृंदाताईंनी सुनेच्या तळहाताकडे नुसतं पाहिलं. “उकळून, घासून गुळगुळीत केलेला आहे. कोणाचे दात पडू नयेत म्हणून. किती घासायचा ते आमच्याच प्रयोगशाळेत ठरलं.”

त्या निवृत्त होईपर्यंत ‘बांधीव’ तांदळावर काम करत होत्या. हा तांदूळ शेतात पिकत नाही. टाकीतले जिवाणू साखरेपासून स्टार्च तयार करतात आणि यंत्र थरावर थर चढवून त्याचा दाणा बांधतं. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. फार पांढरा, फार एकसारखा म्हणाले. मग कंपनीने त्यावर कोंड्याचा रंग चढवला, थोडी कणी मिसळली, खडे घातले आणि पिशवीवर ‘गावठी’ असं छापलं. शिकलीसवरलेली माणसं रांगा लावून नेऊ लागली. शुद्ध काय ते जिभेऐवजी पिशवीला विचारणाऱ्यांची वृंदाताईंना मनापासून किळस यायची.

“तुम्हाला माझं कधी काही पटलंय का?” मृण्मयीचे डोळे भरून आले.

वृंदाताईंनी भावाच्या शेतातल्या आंबेमोहराची बरणी आणली. झाकण काढताच एक पोरकिडा काठावर आला.

“शी! हे बाळाला घालायचं?”

वृंदाताईंनी तो किडा सुनेच्या तांदळाच्या ताटात सोडला. दाण्यांवर सोंड टेकवत तो तडक ताटाबाहेर निघाला. पुन्हा ठेवला, पुन्हा निघाला. मग त्यांनी शेजारी आंबेमोहराची मूठ ओतली. किडा वळला आणि त्या दाण्यांत शिरला.

“त्याला कळतं?” मृण्मयीने हळूच विचारलं.

“त्याला पोट भरायचंय. फोटो नाही काढायचा.”

मृण्मयीने आंबेमोहर पाखडला, धुतला आणि रेवापुरता मऊ शिजवला. निवडलेला गावठी पाहुण्यांसाठी लावला. वृंदाताई जिंकल्या होत्या आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

दुपारी मामाने रेवाला मांडीवर घेऊन तूपभाताचा घास भरवला. रेवाने तोंड वेडंवाकडं केलं आणि घास थुंकून टाकला. दुसराही थुंकला आणि भोकाड पसरलं. तिला गप्प करायला मामाने पाहुण्यांच्या पातेल्यातला भात बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावला. ती शांत झाली, मिटक्या मारू लागली आणि दोन्ही हातांनी त्याचं बोट तोंडाकडे ओढू लागली. पाहुणे कौतुकाने हसले.

वृंदाताईंना हसू आलं नाही. बाळांच्या दुधाच्या भुकटीत टाकीतला तोच स्टार्च घालतात, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. रेवा जन्मल्यापासून ती भुकटी पीत होती, आणि सुनेच्या खड्यांना हसताना त्यांना एकदाही त्या डब्याची आठवण झाली नव्हती.

मृण्मयी आंबेमोहराची वाटी हातात धरून त्यांच्यापाशी आली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“आई, किड्याला कळलं. हिला कसं शिकवायचं?”