सायकसचे बोडके पट्टे

चौलला ठमाबाईंच्या वाडीत विहिरीपाशी सायकसचं एक जुनं झाड होतं. गावात त्याला मळबारी सुपारी म्हणत. खोडातल्या गराचं पीठ होतं, पण गर विषारी. चिरून, वाळवून, सात पाण्यांतून काढल्याशिवाय तोंडात घालायची सोय नाही. दर पाण्यानंतर विष किती उरतं, ते तपासायला किशोरी पुण्याहून येऊन ठमाबाईंच्याच घरी उतरली होती. आई गेल्यापासून घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं, त्यामुळे परतायची घाईही नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने झाडाचं वय काढायला घेतलं. दर चैत्रात शेंड्याला पानांचा नवा झुबका येतो आणि खोडावर देठांच्या खुंटांचं एक कडं वाढतं. कडी मोजताना मध्येच बोडके पट्टे लागले. त्या वर्षी पानं आलीच नव्हती.

"सुतक धरतंय ते," ठमाबाई म्हणाल्या. "घरातलं कोन जानार असलं, का त्या साली पान न्हाय." त्यांनी एकेका पट्ट्यावर बोट ठेवलं. "ह्यो आमचा मालक. ह्यो धाकटा लेक."

किशोरी हसली. कीड, पाणी, कारणं पन्नास असतात. पण शेंड्यालगतचा पट्टा गेल्या वर्षीचा होता.

"गेल्या साली कोण गेलं, आजी?"

"आमच्यात कोन न्हाय. मीच एकटी उरलीय." म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्याकडं?"

आई श्रावणात गेली होती. चैत्रात ती धडधाकट होती, आणि किशोरीने चौलला तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. खांद्याला चार माणसं जमवताना तिच्या नाकी नऊ आले होते. आपल्या वेळी तेवढीही नसतील, हे तेव्हापासून तिला आतून खात होतं.

तिने शिडी लावली. यंदाचा चैत्र सरून महिना झाला होता.

शेंडा कोरडा होता. कोंब नव्हता.

घरात माणूस एकच, तेही पंचाऐंशीचं. किशोरी उतरून स्वयंपाकघरात गेली.

"आजी, औषधं वेळेवर घेता ना?"

ठमाबाई चुलीपुढे बसून सायकसच्या त्याच पिठाची भाकरी करत होत्या. त्यांनी भाकरी उलटली, शेकली आणि किशोरीच्या ताटात घातली.

"तुझ्यामागं कोन हाय गो?"

"कोणी नाही."

"मंग तुझं सुतक मी धरीन दहा दिस," त्या मायेने म्हणाल्या, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.