गुरुवारचा केक

डबा गरम करायला म्हणून ती कार्यालयाच्या पॅन्ट्रीत गेली, तर मायक्रोवेव्हसमोर एक माणूस गुडघ्यांवर बसून काचेतून आत बघत होता. आत खायचं काहीच नव्हतं. ओल्या रुमालावर दुकानांची बिलं पसरून ठेवली होती, आणि हा त्यांच्याकडे असा डोळे लावून बसला होता, जणू आत मॅचच चालू आहे.

"तुमचं झालं की सांगा," ती म्हणाली. पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे आवाज जरा चढाच लागला.

"झालंच... हे बघा." त्यानं बिलं बाहेर काढून तिच्यासमोर धरली. पांढऱ्या कागदांवर काळे डाग पडले होते. "हा कागद तापला की काळा होतो. म्हणजे काळं तिथे आच जास्त. मागे डावीकडे हा एकदम तापट आहे. मधे मात्र ढिम्म."

ती डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिचे बाबा बेकरीवाले. भट्टीबद्दल ते अगदी असंच बोलायचे — उजवा कोपरा रागीट आहे, तिथे बिस्किटं ठेवू नकोस. शिळं गरम करायच्या पेटीबद्दल एवढ्या मायेनं बोलणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

ते कार्यालय नकाशे छापणारं. ती खालच्या मजल्यावर छापून आलेल्या नकाशांचे रंग तपासायची. हा वर बसून डोंगर-दऱ्यांच्या रेषा काढायचा. अंगानं काडी, पण सगळे त्याला 'डोंगर' म्हणत. आतापर्यंत जिन्यात दिसला तरी तिनं कधी मान वर करून बघितलं नव्हतं. आज बघितलं, आणि बघतच राहिली. डोळे कसले प्रामाणिक आहेत याचे...

"पण हे कशासाठी?" तिनं विचारलं.

"मावशीसाठी." तो कागद घडी घालत म्हणाला. "तिनंच मला वाढवलं. जन्मभर ओव्हनमध्ये केक, पाव, काय काय भाजत आली. आता विसरायला लागलीय. मध्ये ओव्हन चालू ठेवून झोपली आणि पडद्यानं पेट घेतला. शेजारी धावले म्हणून निभावलं. मग आम्ही ओव्हनच काढून टाकला." घडी खिशात घालत तो म्हणाला, "तेव्हापासून ती खिडकीशी बसून असते. हात मांडीवर ठेवून. हा मायक्रोवेव्ह कसा, आपला आपण बंद होतो. ती विसरली तरी चालेल. पण तिचा संत्र्याचा केक यात होत नाही हो. माझ्या हातून नुसत्या विटा पडतायत."

"मायक्रोवेव्हमध्ये केक? रंग कुठून आणणार त्याला?"

"रंगाचं नंतर बघू. आधी सुरी तरी आत शिरू दे."

तिला हसू फुटलं. डबा गरम करायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाची सुट्टी झाली की दोघं पॅन्ट्रीत. लोकांचे डबे आधी, आणि मग यांचा केक, असं ठरलेलं. तिनं बाबांना विचारून बऱ्याच गोष्टी आणल्या, आणि काही तिथेच सुचल्या. मध्यभाग कच्चा राहतो ना, मग मध्यभागच नको. काचेच्या भांड्यात मधोमध एक पेला उभा ठेवायचा आणि पीठ त्याच्याभोवती ओतायचं. आच मध्यम. दूध नेहमीपेक्षा थोडं जास्त, कारण ही पेटी पाणी फार पिते. आणि रंगासाठी साखर कढईत काळपट होईपर्यंत जाळून तिचा पाक पिठात घालायचा.

"तुम्ही तर जादूगार निघालात," तो म्हणाला.

"उगाच चढवू नका मला. पेला धरा."

पण मनातून तिला त्याचंच नवल वाटायचं. किती केक बिघडले, तरी हा कधी चिडला नाही. प्रत्येक वीट चहात बुडवून स्वतः खाल्ली, दुसऱ्याच्या गळ्यात मारली नाही. संत्र्याची साल किसताना त्याच्या जिभेचं टोक दातांत यायचं, आणि कडू पांढरा भाग चुकूनही किसणीला लागायचा नाही. तिला वाटायचं, मावशीसाठी एवढं करणारा माणूस ज्याचा होईल त्याचं नशीब थोर. मग ती स्वतःलाच दटावायची — केकाकडे लक्ष दे.

गुरुवारी पेटीनं टिंग केलं. भांडं थोडा वेळ ताटलीनं झाकून ठेवलं, आणि झाकण काढायच्या आधीच तिला वासावरून कळलं. काडी खुपसली, कोरडी आली. बोटानं दाबलं तर हळूच वर आला. झाला होता. अगदी व्यवस्थित झाला होता.

पण उद्यापासून... उद्यापासून ती पॅन्ट्रीत कशाला येणार?

"जरा कच्चाच वाटतोय," ती म्हणाली, काडी मुठीत लपवत.

त्यानं एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. तिच्याकडे एकदा बघितलं, मग खिडकीकडे. "हो... मलाही वाटलंच. उद्या परत करू."

शुक्रवारी परत केला. हसले, बोलले, संत्र्याच्या फोडी वाटून खाल्ल्या. केक परत चांगला झाला, तेव्हा मात्र तिच्या तोंडून खोटं निघेना. निघताना तो म्हणाला, "रविवारी घरी याल? मावशीच्या हातानं करून बघू."

रविवारी ती गेली. मावशी खरंच खिडकीशी बसलेली होती. स्वयंपाकघरात ओव्हनच्या जागी भिंतीचा चौकोन उजळ राहिला होता. केकचे डबे घासूनपुसून एकात एक घालून ठेवलेले. आणि मावशीचे हात... मांडीवरचा रुमाल घडी घालत होते, उलगडत होते, परत घडी घालत होते. ते बघून तिला कसंतरीच झालं. गुरुवारी संध्याकाळीच हे हात पिठात असते.

"ये गं," मावशी म्हणाली. "तूच का ती बेकरीवाल्यांची? हा जेवतानासुद्धा तुझंच पुराण लावतो."

"मावशी, अंडी फोड," तो घाईघाईनं म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मावशी विसरते म्हणे. हात काही विसरले नव्हते. तिनं अंडी फोडली, पीठ चाळलं, साल किसली, आणि बघता बघता तिची पाठ ताठ झाली. मधोमध पेला ठेवताना मात्र ती पुटपुटली, "हे काय भलतंच." पेटी फिरली, टिंग झालं. मावशीनं दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. वरून केक ओला चकचकीत दिसत होता.

"अगं बाई, कच्चाच आहे की." तिचा हात परत बटणाकडे गेला.

"नको, मावशी," ती पटकन म्हणाली. "आता परत लावलात तर वीट होईल. याच्यावर ताटली झाका. बाहेर काढल्यावरही तो आतून शिजत राहतो. थोडं थांबायचं फक्त."

तिघं टेबलाशी बसली. ताटलीच्या कडेनं वाफ येत होती.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. मान खाली. "केक गुरुवारीच झाला होता. मी कच्चा आहे म्हटलं... खोटं."

"का?" त्यानं विचारलं, अगदी हळू.

"शुक्रवारी परत भेटायला मिळावं म्हणून. मावशी, मला माफ करा. तुम्ही अशा बसून असता हे मी नुसतं ऐकलं होतं. बघितलं असतं, तर जीभ उचलली नसती. पण मला हा आवडतो... म्हणजे, फार आवडतो."

तो टेबलावर बोटानं गोल गोल रेषा काढत बसला, डोंगर काढतात तशा. मग म्हणाला, "गुरुवारचा तो तुकडा मी खाल्ला होता ना. त्याहून चांगला केक मी या घराबाहेर खाल्ला नाही. मी काय बोललो आठवतंय?"

"उद्या परत करू."

"मग? खोटं काय तू एकटीच बोललीस?"

तू. पहिल्यांदाच. तिनं वर बघितलं आणि त्याच्या डोळ्यांवरून तिला नजर हलवता येईना.

"म्हणजे," मावशी दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "तुमच्या भेटीगाठींपायी मी गुरुवारपासून केकवाचून बसले?"

दोघांच्या माना एकदम खाली गेल्या. मावशीनं ताटली उचलली. वरचा ओलेपणा गेला होता, केक कडेपासून सुटला होता. तिनं तो पालथा केला, एक तुकडा तोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते.

"रंग उसना आहे," ती शेवटी म्हणाली. "चव माझी आहे." पदरानं डोळे टिपून ती उठली आणि घासलेले डबे एकेक करून खाली काढायला लागली. "आता पाव. माझा तो खरपूस सालीचा पाव यात करून द्या मला."

त्यानं तिच्याकडे बघितलं. टेबलाखाली त्याची बोटं तिच्या बोटांत अडकली होती, संत्र्याच्या सालीनं अजून चिकट.

"होईल?" त्यानं विचारलं.

ती त्याच्या कानाशी वाकली. "जन्म गेला तरी नाही व्हायचा. पावाला साल यात येतच नाही. तुझ्या मावशीला कसं सांगू..."

"ऐकू येतं मला," मावशी डबे लावता लावता म्हणाली. "होणार नाही, म्हणूनच तर सांगितलंय."